पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी चालू होत नाहीयेत – अनुभव, माहिती हवी आहे

इतवारीची_लेक | बुधवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. नागपुरात धंतोलीतल्या एका दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहिते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझे बाबा ६८ वर्षांचे, रेल्वेत गार्ड होते. दिवाळीनंतर जिना चढताना धाप लागायला लागली. हिमोग्लोबिन ७ निघालं. रक्त जातंय कुठे ते शोधताना मोठ्या आतड्यात, उजव्या बाजूला गाठ सापडली. शनिवारी ऑपरेशन झालं. पोट उघडून तो भाग काढला आणि लहान आतड्याचं टोक उरलेल्या मोठ्या आतड्याला जोडलं. गाठ पूर्ण निघाली असं सर्जन म्हणाले.

आज चौथा दिवस. सोमवारपासून घोट घोट पाणी सुरू होतं. काल सकाळी राऊंडला डॉक्टरांनी विचारलं, "गॅस पास झाला का?" बाबा म्हणाले, "हो." आम्हाला कोण आनंद! लगेच चहा दिला, दुपारी वरणाचं पाणी, संध्याकाळी भाताची पेज. रात्री नऊच्या सुमारास पोट टम्म फुगलं, उचक्या लागल्या आणि हिरवीगार उलटी झाली. नाकातून नळी टाकली तर तासाभरात ९०० मिली हिरवं पाणी बाहेर आलं.

आज सकाळी बाबांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "बेटा, गॅस झाला नव्हता. मला चहा पाहिजे होता. आणि तू सगळ्यांसमोर सारखी विचारत होतीस, लाज वाटत होती." वॉर्डात सहा खाटा आहेत. शेजारच्या पेशंटची सून बसलेली, समोर कॉलेजच्या दोन मुली. आणि मी दर दोन तासांनी मोठ्या आवाजात तोच प्रश्न विचारत होते. तेव्हापासून मला राहून राहून रडू येतंय.

इतका वेळ लागणं नेहमीचं आहे का? आतला जोड तर सुटला नसेल ना? आमच्या हातात काही आहे का? विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे रस्ते बंद आहेत, भावाला यायला दीड-दोन तास लागतात, रात्री मी एकटीच असते. कोणी यातून गेलं असेल तर लिहा.

तर्रीपोहे | बुधवार, रात्री ११:३४

ताई, धीर धरा. मी रामदासपेठेत राहतो, तुमच्यापासून दहा मिनिटांवर. मेडिकलवरून औषध आणायचं असेल, डबा लागत असेल, रात्री दोनलाही निरोप टाका. वैद्यकीय माहिती देणारे इथे आहेत, ते येतीलच.

भूलतज्ज्ञ_विदर्भ | गुरुवार, रात्री १२:१५

ताई, मी भूल देणारा डॉक्टर आहे, असे पेशंट रोजच्या कामातले. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, तेव्हा त्यांच्याबाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या सर्जनचा. पण आत काय चाललंय ते कळलं तर तुमची रात्र जरा सोपी जाईल, म्हणून सविस्तर लिहितो.

पोट उघडलं आणि आतड्यांना हात लागला की ती काही काळ थिजतात. हे सगळ्यांचंच होतं. पुन्हा जागी होताना त्यांचा एक क्रम असतो. लहान आतडं सगळ्यात आधी, बहुतेकदा पहिल्या २४ तासांतच हलू लागतं. जठराला एक ते दोन दिवस लागतात. मोठं आतडं सगळ्यात आळशी, त्याला दोन ते तीन दिवस. खालून गॅस सरणं म्हणजे हे शेवटचं आतडंही चालू झाल्याची खूण, म्हणून सगळे त्याची वाट बघतात. चौथा-पाचवा दिवस आला तरी गॅस नाही, संडास नाही आणि पोटात काही टिकत नाही, तर आम्ही त्याला लांबलेला इलियस म्हणतो. बाबा त्याच उंबरठ्यावर आहेत. मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर हे काही जगावेगळं नाही.

कारणं एकात एक गुंतलेली असतात. चिरा पडताच मज्जातंतू आतड्याची हालचाल रोखतात, तो झटका काही तासांत ओसरतो. मग हाताळलेल्या आतड्याच्या स्नायूंत सूज येते, आणि ती मात्र दिवसच्या दिवस राहते. तिच्यामुळे हात न लागलेला भागही मंदावतो. त्यात दुखण्यावरची औषधं. मॉर्फिन, फेंटानिल, ट्रामाडॉल मेंदूत ज्या जागी जाऊन बसतात, तशाच जागा आतड्याच्या भिंतीतही आहेत. त्यामुळे दुखणं कमी होतं आणि सोबत आतडंही सुस्तावतं. सलाईन जास्त झालं तर आतड्याची भिंत पाण्याने फुगते. आणि पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असेल तर आतड्याच्या स्नायूला जोरच येत नाही. उलटीत आणि नळीतल्या पाण्यात क्षार वाहून जातात, म्हणून नळी असलेल्या पेशंटचं रक्त रोज तपासावं लागतं.

उद्या राऊंडला तीन गोष्टी विचारा. पोटॅशियम किती आहे? दुखण्यासाठी नेमकं कोणतं इंजेक्शन चालू आहे, आणि ते कमी करून पॅरासिटामॉलवर भागेल का? सीटी स्कॅनची गरज वाटते का?

जोड सुटल्याची भीती अगदीच अनाठायी नाही. आतडी चालू व्हायला लांबणं हेच कधीकधी आत काही बिघडल्याचं पहिलं चिन्ह असतं. ताप, नाडी सतत शंभरच्या वर, कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं दुखणं, हाताला दगडासारखं लागणारं पोट, ड्रेनमधल्या (पोटातून बाहेर काढलेल्या नळीतल्या) पाण्याचा रंग किंवा वास बदलणं, लघवी कमी होणं, पेशंट बरळायला लागणं. यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरला उठवा. नुसतं फुगलेलं पण मऊ पोट, ताप नाही, नाडी बरी, तर बहुतेक वेळा वाट बघणं हाच उपचार असतो.

बाबा खोटं बोलले याचा राग त्यांच्यावरही धरू नका आणि स्वतःवरही. "गॅस झाला की चहा मिळेल" असं आपण पेशंटला सांगतो, तेव्हा खोटं बोलायचं कारण आपणच त्याच्या हातात देतो. तुम्ही एकट्या नाही, आम्ही डॉक्टरही तेच करतो.

शस्त्रक्रिया_वॉर्डची_सिस्टर | गुरुवार, सकाळी ६:५०

नाईट ड्युटी संपवून घरी आले आणि हे वाचलं. डॉक्टरसाहेबांनी आतलं सांगितलं, मी खाटेजवळचं सांगते. २२ वर्षं सर्जरीच्या वॉर्डात आहे.

बेटा, तुझ्या बाबांच्या वयाचे पुरुष हे मुलीला सांगत नाहीत. बायका सुनेला सांगतात, पण मुलासमोर गप्प होतात. विचारायचंच असेल तर पडदा ओढून, कानाजवळ, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. त्यांच्याशी एक खुणेचा शब्द ठरव. आमच्याकडे एक आजी "पाहुणे आले" म्हणायच्या. भाऊ येईल तेव्हा त्याला विचारू दे, नाहीतर वॉर्डबॉयला. आणि त्यांना सांग की खरं सांगितल्याने खाणं बंद होत नाही, खोटं सांगितल्याने नळी लागते. हे त्यांना आता कळलंच असेल, म्हणून रागावून नको, मायेने सांग.

आता चालणं. नळी आहे म्हणून पडूनच राहायचं, असं नाही. सर्जनने परवानगी दिली की नळीचं तोंड आम्ही थोडा वेळ बंद करून देतो. उठताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे, कोपरावर जोर देऊन बसायचं. पोटावर उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी दाबून धरायची, खोकतानासुद्धा. दोन मिनिटं बसून चक्कर येत नाही हे बघायचं, मग उभं राहायचं. लघवीची पिशवी कमरेच्या खाली. पहिल्या दिवशी खाटेपासून सिस्टरच्या टेबलापर्यंत, पुढे व्हरांड्याच्या टोकापर्यंत. एकदाच लांब चालून दमण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. आता डिसेंबरची थंडी आहे, पायात मोजे घालून फरशीवर चालवू नको, घसरतात. चप्पल घाल.

नुसतं चालल्याने आतडी चालू होतात असं मी छातीठोक सांगणार नाही. पण चालणाऱ्याची फुफ्फुसं मोकळी राहतात, पायात गुठळी व्हायचा धोका कमी होतो, आणि माणसाला आपण बरे होतोय असं वाटतं. पडून राहणाऱ्याचं सगळंच लांबतं.

महालातली_काकू | गुरुवार, सकाळी ८:०५

माय वो! पोरी, रडू नको. माही गर्भपिशवी काढली तवा मले तीन दिवस पाण्याचा थेंब देल्ला नाही. ओठाले ओला कापूस लावत. चवथ्या दिवशी वारा सरला तं माह्या सासूनं देवापुढं साखर ठेवली. लाज काहाची त्याच्यात! तुह्या बाबाले दोन चमचे एरंडीचं तेल गरम चहातून दे, आन् बेंबीवर हिंग लाव. सकायपर्यंत मोकयं होते.

भूलतज्ज्ञ_विदर्भ | गुरुवार, सकाळी ९:४०

काकू, तुमची माया पोचली. पण एरंडेल देऊ नका, अगदी एक चमचासुद्धा. एरंडेल आतड्याला जोराने पिळायला लावतं. इथे पाच दिवसांचा ताजा जोड आहे आणि वर जठर भरलेलं आहे. तेल खाली जाणार नाही, उलटीतून वर येईल आणि श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतेल. हेच एनिमाचं. आतडं जोडलेल्या माणसाला घरच्यांनी एनिमा किंवा बत्ती देऊ नये, सर्जनने सांगितलं तरच. हिंग एरवी लावायला हरकत नव्हती, पण पोटाचा उभा चिरा बेंबीच्या बाजूनेच जातो. टाक्यांजवळ काही लावायचं नाही.

तुमचे ते तीन दिवसांचे उपवास मात्र आता बरेच मागे पडले आहेत. पूर्वी सगळीकडे तसंच होतं. वारा सरेपर्यंत पोटात काही नाही, नाकात नळी ठरलेली, पेशंट आडवा. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केलेट यांनी हे एकेक करून तपासून पाहिलं. लवकर खायला दिलं, लवकर उठवलं, मॉर्फिनसारखी औषधं कमी केली, नळी सर्रास टाकणं थांबवलं. माणसं लवकर बरी होऊन घरी जायला लागली. त्यातूनच पुढे ईआरएएस नावाची, ऑपरेशननंतर पेशंटला लवकर बरं करायची पद्धत उभी राहिली, आणि आता आपल्याकडेही बरेच सर्जन तिच्यातलं बरंच काही पाळतात. म्हणून बाबांना सोमवारी पाणी दिलं त्यात चूक नव्हती. गॅस व्हायच्या आधीही घोट घोट द्रव देतात. पण देताना पोट फुगतंय का, मळमळतंय का, याकडे लक्ष ठेवावं लागतं. एका दिवसात चहापासून पेजेपर्यंत उडी त्यांच्या पोटाला झेपली नाही, इतकंच.

महालातली_काकू | गुरुवार, सकाळी १०:१२

बरं झालं सांगतलं बाप्पा. तेल राहू द्या. मी टेकडीच्या गणपतीले जाऊन येतो तिच्या बाबासाठी.

कामठीरोड | गुरुवार, दुपारी १:२०

डॉक्टर, एक शंका. माझ्या मेव्हण्याचं अपेंडिक्स फुटून ऑपरेशन झालं तेव्हा सर्जनने च्युइंगम चघळायला दिलं होतं. तो खर्रा (तंबाखू-सुपारी) खाणारा माणूस. त्याने विचारलं, चघळायचंच आहे तर खर्रा का नाही? आम्ही नको म्हटलं, पण नेमकं काय सांगायचं ते सुचलं नाही. आणि च्युइंगमने खरंच काही होतं का?

भूलतज्ज्ञ_विदर्भ | गुरुवार, दुपारी ३:०५

च्युइंगममागे विचार असा की तोंड चावायला लागलं की जेवण येतंय असं पोटाला वाटतं. लाळ सुटते, मेंदूकडून जठर-आतड्याला निघालेली नस जागी होते, पाचकरस सुटतात. पोटात काही न टाकता पोटाला जागं करायचं. जपानमध्ये मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हे करून पाहिलं, त्याचा अभ्यास २००२ साली छापून आला. पुढे जगभर पुष्कळ अभ्यास झाले. २०१५ मध्ये वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेने असे ८१ अभ्यास एकत्र तपासले. गॅस आणि संडास थोडे लवकर होतात असं दिसलं, पण अभ्यासांचा दर्जा बेताचा होता. जिथे पेशंटला लवकर खायला देतात तिथे च्युइंगमचा वेगळा फायदा फारसा उरत नाही. स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे, सर्जनची ना नसेल तर बिनसाखरेचं दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं चघळावं. कवळी असेल, पेशंट गुंगीत असेल, गिळताना ठसका लागत असेल तर नको.

खर्रा अजिबात नाही. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आवळतं. ताजा जोड भरून यायला रक्तच लागतं, तेच आपण अडवतो. पण मेव्हण्याच्या प्रश्नात एक खरी गोष्ट दडलेली आहे. ज्यांना वर्षानुवर्षं सकाळी खर्रा, बिडी किंवा सिगरेटवर संडासची सवय असते, त्यांना ती अचानक बंद झाली की बद्धकोष्ठ होतं. असं व्यसन असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. आम्ही रागावत नाही, आम्हाला ते माहीत असणं गरजेचं असतं.

इतवारीची_लेक | गुरुवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे उपकार कसे फेडू. तर्रीपोहे दादांनी आज खरंच डबा आणून दिला.

पोटॅशियम २.९ निघालं, कमीत कमी साडेतीन हवं म्हणे. सलाईनमधून हळूहळू देत आहेत, मॉनिटर लावलाय. ट्रामाडॉल बंद केलं, पॅरासिटामॉल ठरल्या वेळी शिरेतून. दुपारी सीटी झाला. जोड व्यवस्थित आहे! आतडी फुगलेली आहेत, पण कुठे अडकलेलं नाही. वाट बघायची. नळीतून आज दिवसभरात ४०० मिली.

सिस्टर, तुम्ही सांगितलं तसं पडदा ओढला, कुशीवर वळवून उठवलं. बाबा सकाळी टेबलापर्यंत गेले, संध्याकाळी व्हरांड्याच्या टोकापर्यंत दोनदा. खुणेच्या शब्दाचं विचारलं तर क्षणभर विचार करून म्हणाले, "लाईन क्लिअर." गार्डच्या नोकरीत पुढच्या स्टेशनाने लाईन क्लिअर दिल्याशिवाय गाडी हलत नाही. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर आमचे बाबा दिसले.

पिशवीवाला_यवतमाळ | गुरुवार, रात्री १०:१५

ताई, तुमच्या बाबांना पोटावर पिशवी लावावी लागली नाही हे मोठं नशीब. मला गुदाशयाच्या ऑपरेशनमध्ये तीन महिने लहान आतड्याची पिशवी होती. माझा त्रास तुमच्या उलट, पण वाचणाऱ्या कुणाच्या तरी कामी येईल म्हणून लिहितो.

माझी आतडी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली आणि मग थांबेचनात. एप्रिल-मे महिना, आपल्याकडचं ४५ अंश. पिशवीतून सगळं पाणी जायचं आणि मी तहान लागते म्हणून साधं पाणी ढोसत होतो. जितकं प्यायलो तितकं पिशवीत जास्त. पायात गोळे, डोळ्यांपुढे अंधारी, लघवी गडद पिवळी. शेवटी नागपूरला भरती व्हावं लागलं, क्रिएटिनिन वाढलं होतं, म्हणजे मूत्रपिंडावर ताण आला होता. तिथल्या आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं की नुसतं पाणी लहान आतड्यातून शरीरातलं मीठ ओढून बाहेर नेतं. साधं पाणी कमी आणि ओआरएस जास्त, दिवसभर थोडं थोडं. पिशवीतलं मोजायचं. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं तर वाट न बघता फोन. भात, केळं, साबुदाणा, बटाटा यांनी घट्ट व्हायचं. आधी कोणी सांगितलं असतं तर भरती टळली असती. ज्यांच्या घरी अशी पिशवी आहे त्यांनी उन्हाळ्यात फार जपा.

पिशवी बंद करायच्या ऑपरेशननंतरही चार दिवस गॅस नव्हता. आणि मग एकदम दिवसातून दहा-बारा वेळा. सवय व्हायला काही महिने लागले. बरे होतो, ताई. वेळ लागतो.

इतवारीची_लेक | शुक्रवार, पहाटे ४:५२

लाईन क्लिअर.

मी खुर्चीतच पेंगत होते. बाबांनी खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाले. मी दोनदा विचारलं, "खरं?" तर म्हणाले, "खरं. चहा नको देऊ अजून, डॉक्टरला विचार आधी."

तर्रीपोहे | शुक्रवार, सकाळी ६:१०

वा!! डोळ्यांत पाणी आलं.

शस्त्रक्रिया_वॉर्डची_सिस्टर | शुक्रवार, सकाळी ७:३०

देव पावला. आता घाई नको. सर्जन बहुधा नळी काही तास बंद ठेवून बघतील, मळमळ नसेल तर काढतील. मग पाणी, मग वरणाचं पाणी, मग पातळ पेज, मग आसट वरण-भात. पोट भरलं असं वाटायच्या आधीच थांबायचं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. बसून जेवायचं, जेवल्यावर लगेच आडवं पडायचं नाही.

आणि पाहुण्यांना आवर. आता संत्र्याचा बहर आहे, जो येतो तो पिशवीभर संत्री आणतो. संत्र्याचा पापुद्रा, धागे, बिया सुरुवातीचे काही आठवडे नको. जोडाजवळ सूज असते, चोथा अडकू शकतो. रस गाळून, पाणी घालून, डॉक्टर हो म्हणतील तेव्हा. मेथी-अंबाडीची भाजी, कच्ची काकडी, मक्याचं कणीस, हे सगळं नंतर, सर्जन सांगतील तसं.

कामठीरोड | शुक्रवार, सकाळी ९:००

चहाऐवजी कॉफी प्या, आतडी लवकर चालू होतात, असं म्हणणारे आमच्या मेव्हण्याला भेटले होते. खरं आहे का?

भूलतज्ज्ञ_विदर्भ | शुक्रवार, सकाळी ११:२५

ताई, फार बरं वाटलं. कॉफीबद्दल: जर्मनीत हायडलबर्गला मोठ्या आतड्याच्या पेशंटना रोज तीन वेळा कॉफी किंवा तितकंच गरम पाणी देऊन पाहिलं, २०१२ साली ते प्रसिद्ध झालं. कॉफीवाल्यांना पहिली संडास सुमारे ६० तासांनी, पाणीवाल्यांना ७४ तासांनी. पण ज्याला आम्लपित्त आहे, झोप नाही, नाडी जलद आहे, त्याला मी आग्रह करणार नाही. तुमच्या बाबांना चहा आवडतो. डॉक्टरांनी हो म्हटलं की त्यांना त्यांचा चहा द्या, त्यांनी फार वाट बघितली आहे.

धरमपेठ_प्रज्ञा | रविवार, दुपारी ४:४०

धाग्याच्या निमित्ताने माझंही विचारते. दहा दिवसांपूर्वी माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. गॅस दुसऱ्याच दिवशी झाला. पण खांदा इतका दुखत होता की हार्टचं काही आहे का म्हणून मी घाबरले. सगळे म्हणाले गॅस आहे, ओवा खा. ओवा खाऊन काही झालं नाही, तीन दिवसांनी आपोआप थांबलं. आता घरी येऊन बद्धकोष्ठ. चार दिवस झाले नाही. कुंथायची भीती वाटते, टाके तुटतील असं वाटतं. दुखण्याची गोळी आणि लोहाची गोळी चालू आहे.

भूलतज्ज्ञ_विदर्भ | रविवार, रात्री ८:१०

खांद्याचं दुखणं गॅसचंच, पण आतड्यातल्या नव्हे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. उरलेला थोडा वायू श्वासपटलाखाली साठतो आणि त्या पटलाची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत शरीर तो शोषून घेतं. ओव्याचा त्याच्याशी संबंध नाही. मात्र छातीत दडपण, घाम, धाप असेल तर गॅस समजून घरी बसू नये.

बद्धकोष्ठाची तुमची दोन्ही कारणं तुम्हीच लिहिली आहेत. दुखण्याच्या गोळीच्या पाकिटावर ट्रामाडॉल किंवा कोडीन आहे का बघा. असेल तर नुसत्या पॅरासिटामॉलवर येता येईल का, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. लोहाची गोळी काही दिवस थांबवायची का, तेही विचारा. लॅक्टुलोजसारखं पातळ औषध सौम्य आहे, पण त्याला एक-दोन दिवस लागतात. रात्री घेतलं आणि सकाळी झालं नाही म्हणून दुप्पट घेऊ नका. इसबगोल घ्यायचं तर पेलाभर पाण्यासोबत, वर आणखी पाणी. कोरडं किंवा कमी पाण्यात घेतलं तर तेच घट्ट होऊन बसतं. आणि ज्यांचं आतडं कापून जोडलंय त्यांनी सर्जनला विचारल्याशिवाय इसबगोल सुरू करायचं नाही.

वेळ साधा. सकाळी गरम काही पिऊन नाश्ता केला की मोठं आतडं आपसूक आवळतं. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी बसा, कळ नसली तरी. कमोडवर बसत असाल तर पायांखाली बुटकं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या, पुढे वाकून कोपर मांडीवर टेका. पोटावर हात किंवा उशी. श्वास रोखून कुंथू नका, तोंडाने फुंकर घातल्यासारखा श्वास सोडा. दहा मिनिटांत नाही झालं तर उठा. मोबाईल घेऊन बसू नका.

पोट फुगतंय, गॅसही बंद झालाय आणि उलटी होतेय असं असेल तर मात्र हे सगळं सोडून दवाखाना. त्या वेळी जुलाबाचं कोणतंही औषध घ्यायचं नाही.

बजाजनगर_आनंद | सोमवार, सकाळी १०:०५

डॉक्टरांच्या शेवटच्या ओळीला माझा दुजोरा. माझ्या काकांचं आतड्याचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती. एक दिवस पोटात कळा, फुगलं, उलटी. घरच्यांना वाटलं अपचन. दोन दिवस चूर्ण, मग एरंडेल. तिसऱ्या दिवशी नेलं तेव्हा आतडं पीळ पडून काळं पडायला लागलं होतं. जुन्या ऑपरेशनच्या जागी आत चिकटलेल्या पट्ट्यात अडकलं होतं म्हणे. वाचले, पण दीड फूट आतडं गेलं. पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला असं कधीही होऊ शकतं हे आम्हाला माहीतच नव्हतं.

धरमपेठ_प्रज्ञा | मंगळवार, सकाळी ९:५०

स्टूल, फुंकर, नाश्त्यानंतरची वेळ. झालं! गोळीत ट्रामाडॉल होतं, डॉक्टरबाईंनी बदलून दिली. धन्यवाद डॉक्टर.

इतवारीची_लेक | अकरा दिवसांनी

बाबा घरी आहेत. गाठीचा रिपोर्ट आला, पुढची तपासणी ठरली आहे, त्याचं वेगळं लिहीन.

दोन गोष्टींनी घाबरलो होतो, सांगून ठेवते. पहिली, संडास काळी. लोहाच्या गोळीमुळे काळपट होते असं सर्जन म्हणाले. डांबरासारखी चिकट, घाण वासाची असेल किंवा चक्कर येत असेल तर ताबडतोब या, म्हणाले. दुसरी, दिवसातून चार-पाच वेळा पातळ. बाबांचं लहान आतड्याचं शेवटचं टोकही काढलंय. पित्तातले क्षार तिथे परत शोषले जातात. ते आता मोठ्या आतड्यात जातात आणि पातळ होतं. बऱ्याच जणांचं हळूहळू जुळतं, नाही जुळलं तर औषध आहे. बी-१२ ची पातळीही अधूनमधून तपासायला सांगितली आहे, कारण तेही तिथेच शोषलं जातं.

सकाळी फुटाळा तलावावर चालायला नेते. बाबा आता वॉर्डातल्या शेजारच्या काकांना रोज फोन करतात. त्यांचं पण ऑपरेशन झालं ना.

भूलतज्ज्ञ_विदर्भ | त्याच रात्री

पातळ होणं आणि बी-१२ बद्दल सर्जननी बरोबर सांगितलं. वजन आठवड्याला एकदा लिहून ठेवा. पाच किलोपेक्षा जड काही उचलू देऊ नका, सहा आठवडे तरी. पाण्याची बादली त्यातच आली.

नवखा_मेडिकलचौक | जानेवारी, रात्री १:४०

हा धागा शोधत आलो. आईचं पित्ताशय आणि हर्निया दोन्ही काल उघडून झालं. आज गॅस नाही. पोट थोडं फुगलंय, मऊ आहे, ताप नाही, उलटी नाही. पाणी घोट घोट चालू. मी एकटाच आहे, ती मला काही सांगतच नाहीये, नुसती भिंतीकडे तोंड करून पडली आहे. काय करू?

इतवारीची_लेक | जानेवारी, रात्री १:५५

दादा, काल झालं म्हणजे आज पहिलाच दिवस. मोठ्या आतड्याला दोन-तीन दिवस लागतात, वर डॉक्टरांनी लिहिलंय. लक्षणं बघत राहा, वाढलं तर लगेच सिस्टरला बोलवा. दुखण्याचं कोणतं इंजेक्शन आहे ते सकाळी विचारा.

आई भिंतीकडे तोंड करून आहे कारण तुम्ही मुलगा आहात. कुणी मावशी, बहीण, शेजारीण सकाळी येऊ शकेल का? नसेल तर ड्युटीवरच्या सिस्टरला सांगा, पडदा ओढून विचारतील.

बाबा जागे आहेत, त्यांना तुमचं वाचून दाखवलं. ते म्हणतात, सकाळी सात वाजता आईला फोन दे, मी बोलतो तिच्याशी. खाजगी संदेशात नंबर पाठवते.